परदेशची विमाने आणि घरचा हिशेब

(बी. कॉम. भाग २)

आमच्या घराच्या गच्चीवरून सांबऱ्याचा विमानतळ दिसत नाही, पण तिथून उडालेली लहान विमाने मात्र दिसतात. २०२१ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाने बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि आसामातील लिलाबारी या पाच विमानतळांवर उड्डाण शिकविणाऱ्या संस्थांना जागा देण्याचे ठरविले, तेव्हापासून आपल्या आकाशात ही वर्दळ सुरू झाली. सकाळी कॉलेजला निघताना डोक्यावरून एखादे विमान घरघरत गेले की आमच्या गल्लीतली मुले मान वर करून उभी राहतात, आणि त्यांतली निदान दोघे-तिघे तरी ‘आपण पायलट होणार’ असे जाहीर करतात.

मी ते कधी जाहीर केले नाही. एक तर मी वाणिज्य शाखेचा. आपल्या देशात वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे लागते. ते विषय मुक्त विद्यालयातून बसून सोडविता येतात हे खरे, पण दुसरे आणि मोठे कारण पैशाचे आहे. माझे वडील रविवार पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. तेव्हा आकाशाकडे पाहायचे ते पाऊस येणार की नाही एवढ्यापुरतेच, अशी आमच्या घरची रीत.

असे असताना वैमानिकांच्या नोकऱ्यांवर मी लेख का लिहावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माझ्या आत्याच्या घरात आहे.

आत्याचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो वैमानिक आहे. खानापूर तालुक्यातील आपली शेती तारण ठेवून आत्याने आणि मामांनी त्याला शिकविले. २०१८ साली त्याला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला. त्या वेळी त्याच्या खाती २०० तासांचे उड्डाण होते, कारण आपल्याकडे या परवान्याला किमान तेवढे तास लागतात. पुढे एका लहान कंपनीच्या दोन इंजिनांच्या विमानावर सहवैमानिक म्हणून त्याने २६० तास काढले. २०२० च्या मार्चमध्ये देशातली सगळी प्रवासी विमाने जमिनीवर आली. ती पुन्हा उडाली, पण दादाची कंपनी काही उडाली नाही. दोन वर्षे तो घरी होता. मग प्रशिक्षक होऊन इतरांच्या मुलांना शिकविता शिकविता त्याने आणखी ४८० तास जमविले. एकूण ९४० तास.

२०२४ च्या दिवाळीत आत्या आमच्याकडे आली ती हातात एक जाड लिफाफा घेऊन. मला म्हणाली, “तू बी. कॉम.ला हाईस न्हवं? हे कागद जरा बघ की बाबा. दादाला परदेशात विमान चालवायला मिळणार म्हणतात.”

त्या लिफाफ्याने मला जे शिकविले ते या लेखात सांगतो. आपल्या कॉलेजातल्या कोणाच्या भावाला, बहिणीला किंवा पुढे त्याच्या स्वतःच्या मुलांना ते उपयोगी पडेल अशी आशा आहे.

पहिली गोष्ट परवान्याची. माझी समजूत अशी होती की विमान चालविता येते असे एकदा सरकारने लिहून दिले की जगात कुठेही चालविता येते. दादाने ती समजूत दूर केली. १९४४ च्या डिसेंबरमध्ये शिकागो येथे नागरी विमान वाहतुकीचा जागतिक करार झाला. त्यातील तत्त्व असे की विमान ज्या देशात नोंदविलेले असेल त्या देशाने वैमानिकाला परवाना दिला पाहिजे, किंवा दुसऱ्या देशाने दिलेला परवाना ग्राह्य धरला पाहिजे. म्हणजे परवाना माणसापेक्षा विमानाच्या शेपटीवरच्या अक्षरांशी अधिक बांधलेला. भारतीय परवान्यावर भारतीय विमान जगभर नेता येईल, पण दुबईत नोंदविलेले विमान शारजाहून मस्कतपर्यंतसुद्धा नेता येणार नाही.

वडिलांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे हुंडीच की रे.” मला हे पटले. हुंडी लिहिणाराने लिहिली म्हणून तिचे पैसे होत नाहीत, ज्याच्यावर लिहिली त्याने ती स्वीकारावी लागते. स्वीकारताना तो पेढीची पत पाहतो. आपल्या पेढीची पतही काही वेळा घसरली आहे. खोट्या गुणपत्रिका देऊन परवाने मिळविल्याची आणि न उडविलेले तास लॉगबुकात लिहिल्याची प्रकरणे २०११ साली आपल्याकडे उघडकीस आली. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेने आपल्या विमान सुरक्षा व्यवस्थेला खालच्या वर्गात टाकले आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा वर घेतले. शेजारच्या पाकिस्तानात २०२० साली तर खुद्द मंत्र्यांनीच सभागृहात अडीचशेहून अधिक वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचे सांगितले, आणि परदेशी कंपन्यांत प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्या तेथल्या वैमानिकांकडेही लोक संशयाने पाहू लागले. दहा जणांनी कीर्द खोटी लिहिली की अकराव्याची खरी कीर्दही दहा वेळा तपासली जाते, हे पेठेत सर्वांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट तासांची. वैमानिकाचे भांडवल म्हणजे त्याचे तास. पण सगळे तास एका भावाने विकले जात नाहीत, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. एका इंजिनाच्या लहान विमानात विद्यार्थ्याशेजारी बसून काढलेला तास वेगळा, दोन इंजिनांच्या विमानातला वेगळा, आणि जेटमधला तर अगदी वेगळा. शिवाय या भांडवलाला घसारा आहे. नोकरीच्या जाहिरातीत एकूण तासांच्या खालीच ‘गेल्या बारा महिन्यांत किती?’ हा प्रश्न असतो. दोन वर्षे घरी बसलेल्या माणसाचे तास कमी होत नाहीत, पण त्यांची किंमत मात्र उतरते. वैद्यकीय तपासणी दरवर्षी, ढगांतून यंत्रांच्या आधारे उडविण्याची परीक्षा दरवर्षी, आणि त्या प्रत्येकाची फी वेगळी. परवाना जिवंत ठेवायला पैसे लागतात आणि परवाना जिवंत नसेल तर पैसे मिळत नाहीत.

अशा बाजारात हजाराच्या आसपास तास असलेल्याची स्थिती त्रिशंकूसारखी होते. नुकता परवाना मिळालेल्या मुलाला मोठ्या कंपन्या आपल्या साच्यात घालून घेतात, कधी त्याच्याच पैशाने. चार-पाच हजार तासांच्या कॅप्टनला तर बोलावणे येते. आपल्याकडे २०२३ साली एका कंपनीने ४७० आणि दुसरीने ५०० विमानांच्या मागण्या नोंदविल्या. वर्तमानपत्रांनी ‘वैमानिक हवेत’ असे मथळे दिले आणि त्याच वर्षी सोळाशेहून अधिक नवे व्यावसायिक परवाने दिले गेले. पण तुटवडा असतो तो मुख्यतः कॅप्टनांचा. बाजारात पिकलेल्या आंब्याला मागणी असताना कोयी विकायला बसल्यासारखी नव्या परवानाधारकांची गत झाली. मधल्यांची गत पाडाच्या आंब्याची: आढीत ठेवायला कोणी तयार नाही आणि आजच खायचा तर आंबट.

यामागे केवळ कंपन्यांची नावड नसते. लहान कंपनीच्या विमानाचा विमा उतरविणारी कंपनीच ‘अमुक तासांखालचा माणूस बसवू नये’ अशी अट घालते. आम्ही वर्गात विम्याची तत्त्वे पाठ करतो, पण ती एखाद्याची नोकरी अशी ठरवीत असतील हे मला ठाऊक नव्हते.

आता प्रश्न येतो, जावे कुठे? आम्ही दोघांनी वही घेऊन एकेक देश मांडला.

अमेरिकेत मोठ्या प्रवासी कंपन्यांत सहवैमानिकालाही साधारण १५०० तास लागतात. २००९ च्या फेब्रुवारीत बफेलो शहराजवळ एक विमान पडून ५० माणसे गेली. त्यानंतर २०१० साली तिथल्या संसदेने कायदा केला आणि २०१३ पासून हा नियम लागू झाला. तास पुरे झाले तरी तेथे काम करण्याचा हक्क असावा लागतो आणि परक्या वैमानिकासाठी ती खटपट करणाऱ्या कंपन्या फार थोड्या.

युरोपात आपल्या परवान्यावर नवा परवाना हवा असेल तर सिद्धान्ताचे १३ विषय पुन्हा द्यावे लागतात. ते दिले तरी राहण्याचा व काम करण्याचा हक्क वेगळा. या बाबतीत गोव्याच्या मुलांना एक वाट आहे. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीमुळे अनेक गोवेकरांनी पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविले आहे आणि त्या पासपोर्टवर युरोपीय संघातल्या देशांत नोकरी करता येते. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. तो पासपोर्ट घेतला की आपला सोडावा लागतो. शिवाय इंग्लंडचा विचार आता निराळा करावा लागतो, कारण २०२१ पासून तिथला परवाना युरोपच्या परवान्यापासून वेगळा झाला आहे.

आखाती देशांतल्या कंपन्या मात्र जगभरचे वैमानिक घेतात. तिथे भारतीय वैमानिक पुष्कळ आहेत. पण त्यांना हवे असतात ते मोठ्या विमानांवरचे, आणि बहुधा जेटचे, भरपूर तास. दादाच्या खाती जेटचा एकही तास नव्हता. चीनने २०२० च्या आधीच्या दशकात परदेशी कॅप्टनांना डोळे फिरतील असे पगार दिले, पण ते कॅप्टनांना. साथ आली तेव्हा त्यांतल्या कित्येकांचे करार वाऱ्यावर गेले. मंदीत आधी बाहेर पडतो तो कराराने आणलेला परका माणूस. हा नियम विमानांना लागू आहे तसाच आपल्या गुऱ्हाळांनाही लागू आहे.

मालदीवमध्ये पाण्यावर उतरणारी ट्विन ऑटर विमाने पर्यटकांना बेटांवर पोहोचवितात. तिथले वैमानिक अनवाणी विमान चालवितात, हे ऐकून आत्याला हसू आले. मात्र पाण्यावर उतरण्याचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते. आफ्रिकेतील बोत्स्वाना देशात माउन नावाचे गाव आहे. ओकावांगो नदी तेथे समुद्राला न मिळता वाळवंटात पसरते. त्या पाणथळ रानातल्या पर्यटकांच्या तळांवर रस्ते नसल्याने सेसना २०६, कॅरव्हॅन अशी लहान विमाने मातीच्या धावपट्ट्यांवर जातात. कमी तासांचे कितीतरी तरुण आपली कागदपत्रे घेऊन प्रत्यक्ष त्या गावात जाऊन राहतात आणि दारोदार विचारतात. मला हे सर्वांत ओळखीचे वाटले. आमच्याकडे लग्नसराईत आचारी असेच दारोदार विचारतात.

वही बंद केली तेव्हा लक्षात आले की दादासारख्याला परदेश बंद नाही, पण जे दार किलकिले आहे ते लहान विमानांचे, कष्टाचे आणि बेताच्या पगाराचे आहे. चकचकीत गणवेश आणि काचेचे विमानतळ असलेले दार त्याला अजून दूर आहे. आणि नेमके तेच दार उघडून देण्याचे आश्वासन त्या लिफाफ्यात होते.

लिफाफ्याकडे वळण्यापूर्वी भाषेविषयी थोडे लिहितो, कारण आपल्या सीमाभागात तो जिव्हाळ्याचा विषय आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. त्यातील एका विमानाच्या चमूला इंग्रजी नीट समजत नव्हते, हेही त्या अपघाताच्या कारणांच्या चर्चेत पुढे आले. पुढे २००८ च्या मार्चपासून आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना इंग्रजीची परीक्षा लागू झाली. तिच्या सहा पायऱ्या आहेत आणि निदान चौथी गाठावी लागते. दादा आणि मी दोघेही मराठी शाळेत शिकलो, घराबाहेर कन्नड बोललो आणि इंग्रजी पाचवीपासून भीत भीत शिकलो. दादाला पाचवी पायरी मिळाली. तो म्हणतो, “आपल्याला लहानपणापासून एका भाषेतून दुसरीत उडी मारायची सवय, त्यात तिसरी जड गेली नाही.” मराठी माध्यमामुळे मुले मागे पडतात असे म्हणणाऱ्या पालकांसाठी हे मुद्दाम नमूद करतो.

आता लिफाफा. एका शहरातल्या मध्यस्थाने पूर्वेकडच्या एका देशात मोठ्या प्रवासी जेटवर सहवैमानिक म्हणून बसण्याची ‘संधी’ देऊ केली होती. त्या जेटचे खास प्रशिक्षण १८ लाख आणि त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष उड्डाण १६ लाख. ही रक्कम दादाने द्यायची. मुदत दहा महिने. या काळात पगार नाही. राहणे-जेवणे महिना ६० हजार धरले तर आणखी ६ लाख. एकूण ४० लाख.

मी कागदावर सरळ भागाकार केला. ४० लाख भागिले ५०० तास म्हणजे तासाला ८ हजार रुपये. हा पगार असता तर आम्ही पेढे वाटले असते. पण हे पैसे दादाने द्यायचे होते! मागे दीडशे-पावणेदोनशे प्रवासी तिकीट काढून बसणार आणि पुढे दादाही तिकीट काढूनच बसणार, फक्त त्याचे तिकीट महाग. ११ टक्क्यांनी ४० लाखांचे एका वर्षाचे व्याज होते ४ लाख ४० हजार. शेताच्या उताऱ्यावर पहिल्या कर्जाचा बोजा अजून तसाच होता.

करार चौदा पानांचा आणि इंग्रजीत. आम्ही दोन रात्री बसून तो ओळीओळीने वाचला. नवव्या पानावर लिहिले होते की उमेदवार हा कंपनीचा नोकर समजला जाणार नाही. अकराव्या पानावर, ५०० तासांनंतर नोकरी देण्याचे बंधन कोणावरही नाही. एकदा प्रशिक्षण सुरू झाले की पैसे परत नाहीत. आणि वाद झाल्यास तो तिसऱ्याच एका देशातल्या न्यायालयात. मध्यस्थाने फोनवर ‘नोकरी’ हा शब्द कितीदा तरी वापरला होता. चौदा पानांत तो केवळ ती नाही हे सांगण्यासाठी आला होता.

माझ्या वर्गात कन्नड विभागातला एक मित्र आहे. त्याच्याशी या गोष्टीवर माझा खूप वाद झाला. त्याचे म्हणणे असे: “व्यापारात जोखीम असतेच. तुझ्या पेठेत दुकान घ्यायला लोक पागडी देतात ना? डॉक्टर व्हायला देणगी देतात ना? मग पायलटने तास विकत घेतले तर बिघडले कुठे? जेटचे ५०० तास झाले की आखातात नोकरी मिळेल, दोन वर्षांत कर्ज फिटेल.” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. या मार्गाने गेलेले आणि पुढे चांगल्या नोकऱ्यांत स्थिरावलेले लोक आहेत, हे दादाही मान्य करतो. ज्याच्या घरी पैसा आहे त्याची ती जोखीम असेल.

तरीही मला हा व्यवहार अनुचित वाटतो. पागडी देऊन दुकान घेतले आणि ते बुडाले तर दुकानदार बुडतो. इथे मागे माणसे बसलेली असतात. विमानात दोन वैमानिक ठेवतात ते एकाने दुसऱ्याला वेळीच हटकावे म्हणून. ज्याने आपली जागा विकत घेतली आहे आणि ज्याला उद्या काढले तर १६ लाख परत मिळणार नाहीत, तो कॅप्टनला ‘साहेब, हे चुकते आहे’ असे म्हणायला धजेल का? ‘मी थकलो आहे, आज उडणार नाही’ असे सांगेल का? तो गप्प राहील. कर्जदार माणूस गप्प राहतो, हे मी अडत दुकानाच्या ओट्यावर बसून लहानपणापासून पाहिले आहे.

बफेलोजवळ पडलेल्या ज्या विमानाचा मी वर उल्लेख केला, त्याच्या दोन्ही वैमानिकांकडे १५०० हून अधिक तास होते. तासांचा प्रश्नच नव्हता. चौकशीत दिसले ते हे की सहवैमानिक तरुणी तुटपुंज्या पगारामुळे कामाच्या शहराजवळ राहू शकत नव्हती. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर दुसऱ्या विमानांतून प्रवास करून ती कामावर आली होती. तिने तर जागेसाठी पैसेही दिले नव्हते, पगार मात्र अपुरा होता. तासांची बेरीज करणाऱ्यांनी पोटाचा हिशेबही पाहायला हवा, असे मला वाटते.

मग तरुणांनी परदेशी जाऊच नये काय? माझे म्हणणे तसे मुळीच नाही. वैमानिकाचा धंदाच हद्दी ओलांडण्याचा. आपल्या देशातल्या कंपन्याही गरज पडली की परदेशी कॅप्टन आणतात, मग आपल्या मुलांनी बाहेर जाण्यात गैर काय? आपल्याकडे राजीनामा देण्यावरही बंधन आहे. २०१७ साली झालेल्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. सार्वजनिक सोयीसाठी हे आवश्यक आहे असे सांगतात. असेल. पण कंपनीच बंद पडते तेव्हा वैमानिकाला किती दिवसांची पूर्वसूचना मिळते? २०१२, २०१९ आणि २०२३ या तीन सालांत आपल्याकडे तीन मोठ्या कंपन्यांची विमाने थांबली. त्यांच्या वैमानिकांना ती एका दिवसात कळली.

तेव्हा जावे, पण हिशेब करून जावे. माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे पुढील गोष्टी पाहाव्यात. पैसे कोण कोणाला देतो, हे पहिल्याच पानावर शोधावे. नोकरीत पैसे वरून खाली येतात. खालून वर जात असतील तर ती नोकरी नाही, विक्री आहे. नोकरी देणारी कंपनी आणि करारावर सही करणारी कंपनी एकच आहे ना, ते पाहावे. आपला परवाना त्या देशात ग्राह्य धरणार की परीक्षा पुन्हा द्यावी लागणार, आणि तो खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावे. व्हिसा कामाचा आहे की शिकाऊचा, हे विचारावे. १९८३ च्या कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या मध्यस्थाला सरकारी नोंदणी लागते, आणि त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या शुल्काला ३० हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे. ३० हजारांच्या जागी जो ३४ लाख मागतो तो ‘मी नोकरी देत नाही, प्रशिक्षण देतो’ असे म्हणून या कायद्याच्या बाजूने निसटतो. म्हणूनच फोनवरचा शब्द आणि कागदावरचा शब्द ताडून पाहावा. आणि लॉगबुक स्वच्छ ठेवावे. त्यातला एकही तास खोटा असू नये.

सरकारकडूनही एक अपेक्षा आहे. परवाने देताना जशी मोजदाद होते तशी परवाना मिळून घरी बसलेल्यांची मोजदाद दरवर्षी जाहीर व्हावी. खानापूरच्या शेतकऱ्याने जमीन तारण ठेवण्यापूर्वी त्याला तो आकडा पाहायला मिळावा. ज्या बाजारात माल किती पडून आहे हे सांगितले जात नाही, तिथे नवा माल आणणाऱ्याची फसगत ठरलेलीच.

दादाने तो करार केला नाही. निर्णय सोपा नव्हता. मामा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, कारण बाहेर त्यांनी ‘पोरगा परदेशी चालला’ असे सांगून ठेवले होते. माझ्यावरही राग होता. ‘चार आकडे मांडून पोराच्या पायात खोडा घातलास’ असे मला ऐकून घ्यावे लागले. मी चुकलो असेन तर? दादाच्या बरोबरीचा एक जण त्याच सुमारास अशाच एका योजनेतून गेला आणि अजून तिकडेच आहे. तो नोकरीत आहे की अजून पैसे भरतो आहे, हे विचारण्याची दादाला हिंमत होत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर हा विचार मला अजूनही येतो.

दादा अजून प्रशिक्षकच आहे. त्याचे तास बाराशेच्या पुढे गेले आहेत. त्याने बोत्स्वानाच्या आणि मालदीवच्या चौकश्या चालविल्या आहेत आणि इकडे देशातल्या जाहिरातींनाही अर्ज करतो आहे. कर्जाचा हप्ता दर महिन्याला जातो. पगार हातात आला की तो आधी बँकेत जातो आणि मग घरी.

आपल्या कॉलेजात वाणिज्य मंडळ आहे. दरवर्षी आपण त्यातर्फे अर्थसंकल्पावर व्याख्यान ठेवतो, ते चांगलेच आहे. पण या वर्षी माझी एक सूचना आहे. महिन्यातून एक शनिवार मंडळाने करार वाचण्यासाठी ठेवावा. वैमानिकाचा असो, आखातात जाणाऱ्या सुताराचा असो किंवा परदेशी जहाजावर जाणाऱ्या खलाशाचा असो. कोणीही कागद घेऊन यावे, आपण तो मराठीत आणि कन्नडमध्ये वाचून दाखवावा आणि भागाकार करून द्यावा. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी आणि वकिलीच्या विद्यार्थ्यांनी मदत केली तर काम अधिक नेटके होईल. माझ्या कन्नड मित्राने वादात हार मानलेली नाही, पण दुसऱ्या टेबलावर बसायला तो तयार आहे, आणि हा लेख कन्नडमध्ये करून देण्याचेही त्याने कबूल केले आहे.

पहिल्या शनिवारी वाचायला दादाच्या कराराची झेरॉक्स माझ्याजवळ आहे. नावे खोडून ती सर्वांना दाखविण्याची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे.